रात्रीचा पाहुणा

ब्रह्मदेशाचें नांव मराठी श्रोत्यांस परकें नाहीं. लोकमान्य टिळकांच्या कारावासाचीं सुमारें सहा वर्षें मंडालेस गेलीं. त्या देशाचा शेवटचा राजा थिबा १९१६ सालीं रत्नागिरीस नजरकैदेंत निवर्तला.

त्या देशांत वाटसरूचा मान मोठा. रस्त्याच्या कडेला सावलींत पाण्यानें भरलेलीं मडकीं ठेवलेलीं असतात. कोणींही यावें, तहान भागवावी व पुढें जावें. ‘जयात’ नांवाची विश्रांतिशाळा बांधणें हें तेथील बौद्ध गृहस्थास पुण्यकृत्य वाटतें. अशा देशांत घरीं आलेल्या आप्तास रात्रीं निजूं द्यावयाचें, तर सरकारास वर्दी देण्याची सक्ती असावी, याचें नवल वाटतें.

ही सक्ती मूळची लष्कराची नव्हे. ती इंग्रजांनीं १९०७ च्या शहर व ग्राम कायद्यांत घातलेली. १९४८ सालीं इंग्रज गेले, कायदा राहिला. धनी बदलला तरी जुनीं कुलुपें बदलण्याची घाई कोणास नसते! १९६२ सालीं जनरल ने विन यांनीं सत्ता बळकावली, तेव्हां हें हत्यार त्यांस आयतेंच सांपडलें.

प्रत्येक घरीं कुटुंबाची सरकारी यादी असे. यादींत नांव नाहीं तो पाहुणा. मग तो सख्खा भाऊ असो, कीं लग्न होऊन परगांवीं गेलेली लेक असो. त्याची नोंद पेठेच्या कचेरींत करावी लागे. मध्यरात्रीं पेठेचा अधिकारी पोलिसांसह दार ठोठावी, यादी मागे आणि निजलेलीं माणसें मोजी. खेड्यांतून आजारी मावशी रात्रीं उशिरां रंगूनला उतरली, तर भाच्यानें काय करावें? कचेरी बंद, दार उघडावें तर शिक्षेचें भय, न उघडावें तर जन्माचा कलंक. सरकारचा खरा डोळा मात्र मावशीवर नव्हता. फरारी विद्यार्थ्यास कोणाच्याही ओसरीवर आसरा मिळूं नये, हा त्यांतला हेतु.

परदेशी प्रवाशास तर हें घर दिसतच नसे. १९६२ नंतर त्यास चोवीस तासांचाच परवाना मिळे. पुढें तो सात दिवसांचा झाला. मुदत आणखी वाढली तरी मुक्काम परवानाधारक हॉटेलांतच. श्वेडगॉनचा सुवर्णस्तूप व पगानचीं देवळें पाहून तो परते, आणि लोक किती शांत, असें लिही. त्या शांततेखालीं रात्रीं काय चाले, हें त्यास कोण सांगणार?

२०१२ च्या नव्या कायद्यांतही ही अट टिकली. २०१६ सालीं लोकनियुक्त संसदेनें ती रद्द केली. पुरतीं पांच वर्षेंही लोटलीं नाहींत, तोंच १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें पुन्हां सत्ता घेतली आणि दोन आठवड्यांच्या आंत ती अट परत आणली. त्या महिन्यांत लोक रात्रीं आपापल्या गल्लींत पहारा देऊं लागले. पोलिस येतांना दिसले कीं घराघरांतून भांडीं बडवून शेजाऱ्यांस वर्दी देत.