कामगाराचे तोंड



तोंडाचे, लाळग्रंथींचे व अन्ननलिकेचे रोग हा विषय जाहीर झाला, तेव्हा कळंब्यातल्या काही मंडळींनी आम्हांला विचारले, "हा विषय डॉक्टरांचा. संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे!" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर व वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु सभेत ज्यांचा आवाज सर्वांत खडा, अशांचीच तोंडे पुढे दोन बोटेही उघडेनाशी झालेली आम्ही पाहिली. म्हणून हा विषय आमचाही आहे.

कामगार तंबाखू चैनीसाठी धरतो, असे समजू नका. रात्रपाळीत झोप मारायला, जेवणाची सुट्टी लांबली की भूक मारायला तो बार भरतो. त्याची घरधनीण सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री लावते. भूक मारणारी वस्तू भाकरीहून स्वस्त असली की काय होते, त्याचा हा हिशेब आहे.

हा हिशेब शास्त्रज्ञांनी फार पूर्वी मांडला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या लोकांच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध अभ्यासला. पुढे पुणे जिल्ह्यात एक लाखाहून अधिक खेडुतांची तोंडे तपासली गेली. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. सुपारी तरी निर्दोष असेल, अशी अनेकांची समजूत होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या ग्रंथाने तीही मोडली. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे.

सुपारीने गालाच्या आतले अस्तर आवळते, पांढरट व ताठ होते. तिखट सोसत नाही, तोंड उघडत नाही. हा आवळ पूर्ववत होत नाही आणि काहींना त्यातूनच पुढे कर्करोग होतो. तंबाखूचा रस गिळला की तो अन्ननलिकेला लागतो. सोबत दारू असली तर धोका अनेक पटींनी वाढतो. मग आधी भाकरी अडकते, नंतर भात, शेवटी पाणी. लाळग्रंथींची गोष्ट निराळी. जेवताना जबड्याखाली सूज येऊन ओसरते, ती बहुधा खड्यामुळे. मुलांचे गालगुंड बहुधा आपोआप बरे होते. पण कानापुढची गाठ वाढत जाऊन चेहरा वाकडा होऊ लागला, तर घरी थांबू नये.

या रोगाचा कावा असा, की आरंभी तो दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस रजा घेत नाही, रजा घेतली तर पगार जातो. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री झालेले. तेही १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, तोंडाच्या कर्करोगाने गेले. मग ओतशाळेतल्या हंगामी कामगाराची काय कथा?

सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी पुडी मिळतेच. नुसत्या बंदीने आणि "सोडा हो" या उपदेशाने भागत नाही. जेवणाची सुट्टी वेळेवर मिळावी, पाळीत चहापाणी मिळावे आणि वर्षातून एकदा कारखान्यातच तोंडाची तपासणी व्हावी, या मागण्या आम्ही पगारवाढीच्या जोडीने मांडतो. कामगार विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजाराला, अटी पुऱ्या झाल्यास, नेहमीच्या ९१ दिवसांनंतरही वेतनाच्या ८० टक्के दराने मदत मिळते. ज्याला हे ठाऊक नसते, तो आजार लपवून कामावर येतो.

मालकाकडे मागायचे ते मागूच. आपल्या हातचेही करू. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. आरशात गाल, जीभ, जिभेखालची जागा पाहा. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, मानेतली गाठ, गिळताना अडकणे, यांपैकी काही आढळले तर सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जा. लवकर सापडलेला रोग पुष्कळदा बरा होतो; उशीर झाला की जबडा, जीभ आणि वाचा द्यावी लागते.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणे आपण संघटना करून थांबवले. आता आपलेच तोंड आपण आतून बंद होऊ देऊ नये, एवढीच विनंती.