मूत्रपिंडाचा आजार आणि हाडांची खबर

मूत्रपिंड निकामी होऊ लागलं की रक्तात फॉस्फेट साचतं, ‘ड’ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप कमी पडतं आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जादा संप्रेरक सोडू लागतात. हे पॅराथायरॉइड संप्रेरक, म्हणजेच पीटीएच, हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढून आणतं. हाडं आतून पोखरली जातात. वरून बरेचदा काहीच कळत नाही.

पक्कं निदान कमरेच्या हाडाचा तुकडा काढून होतं, पण त्याला सहजी कोण तयार होणार? म्हणून रक्ततपासणीत पीटीएच मोजतात. गंमत अशी, की पीटीएच फार कमी असणंही वाईटच. मग हाडांची झीज-भर मंदावते आणि हाड मोडायला सोपं होतं. डायलिसिसवरच्या रुग्णांत पीटीएच निरोगी माणसाच्या कमाल पातळीच्या २ ते ९ पट चालतं, असं २०१७ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हा रिपोर्टवरचा ठळक छापलेला आकडा पाहून लगेच धसका घेऊ नका. जोडीला अल्कलाइन फॉस्फटेज हे विकरही पाहतात, शक्य असेल तर हाडांतून येणारं तेवढंच मोजून. एका आकड्यापेक्षा चढ-उतार महत्त्वाचा. म्हणून जुने रिपोर्ट टाकू नका, फाइलसकट डॉक्टरांपुढे ठेवा आणि कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनानं मुळीच घेऊ नका.