हिशेब आपला, मग कुलूप दुसऱ्याचं कशाला?

कोणी धान्य निवडत बसली असाल, कोणी शिलाई मशीनवर असाल. हातातलं काम थांबवू नका, बसल्या बसल्या ऐका. आज मी कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे. पण ज्यांच्या घरात कॉम्प्युटर नाही त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नका. आता बऱ्याच ग्रामसंघांच्या खोलीत एखादा लॅपटॉप आलाय, आणि त्याच्यात जो हिशेब आहे तो तुमच्याच शंभर-शंभर रुपयांचा आहे.

आमच्या भागातल्या एका ग्रामसंघाची गोष्ट. मार्च महिना, बँकेत कर्जाची फाइल द्यायची होती. सचिव ताईंनी लॅपटॉप उघडला. वर्षभराचं सगळं त्यात चढवून ठेवलेलं. फाइल उघडली, आकडे दिसले, पण एकही आकडा बदलेना. वर पट्टी आली होती, मुदत संपली, पैसे भरा. ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला, त्याने विकताना सांगितलं होतं, "ताई, सगळं टाकून दिलंय." त्या सगळ्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं, परवाना नसलेलं. दुकानात नेल्यावर तो म्हणाला, पाचशे रुपये द्या, परत टाकतो. पाचशे त्याचे, जाण्या-येण्याचं भाडं वेगळं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती कोण धरतंय? चार महिन्यांनी पुन्हा तीच पट्टी.

आणि हे चोरीचं सॉफ्टवेअर टाकताना बऱ्याचदा काय करतात माहीत आहे का? आधी कॉम्प्युटरचं व्हायरसपासून रक्षण करणारं साधन बंद करतात. म्हणजे दाराचा कडी-कोयंडा काढून पाहुण्याला आत घ्यायचं. ज्या कॉम्प्युटरवर गटाचे खाते नंबर आहेत, बायांच्या आधारच्या प्रती आहेत, त्याच्यात हे.

परवाना विकत घ्यावा तर वर्षाला काही हजार रुपये जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. ज्या गटाची महिन्याची बचतच हजार-पंधराशे आहे त्याला ते परवडत नाही. म्हणून मधला रस्ता म्हणून चोरी. पण तिसरा रस्ता आहे, आणि तो सरळ आहे.

त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की लोकांचा गोंधळ होतो. आपल्या मराठीत बरं आहे, फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. हे फुकटही मिळतं, पण खरी गोष्ट मुक्त असण्यात आहे. बाजारातलं मसाल्याचं पाकीट घेतलं तर आत काय किती घातलंय ते कंपनीला माहीत. आपल्या घरचा काळा मसाला कसा, धणे किती, दगडफूल किती, खोबरं किती भाजायचं, हे आपल्याला ठाऊक. शेजारणीला सांगितलं, तिने तिच्या चवीने मिरची वाढवली, तरी कोणी तक्रार करत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची कृती अशी उघड्यावर ठेवलेली असते. कोणीही बघावी, वापरावी, दुसऱ्याला द्यावी, सुधारावी. याला ओपन सोर्स असंही म्हणतात. तुमच्या लॅपटॉपवरून दुसऱ्या गटाला प्रत दिली तर ती चोरी होत नाही. विरजण दिल्यासारखं आहे, दिल्याने आपलं दही कमी होत नाही.

आपल्या कामाचं पहिलं नाव लक्षात ठेवा, लिब्रेऑफिस. यात पत्र लिहायचं साधन आहे, त्याला रायटर म्हणतात. हिशेबाचं आहे, त्याला कॅल्क म्हणतात. एक्सेलवर ज्यांचा हात बसलाय त्यांना कॅल्कवर बसायला दोन-तीन दिवस लागतात, जास्त नाही. पट्ट्यांची जागा थोडी इकडे-तिकडे आहे, एवढंच.

गटाचं उदाहरण घेऊन सांगते. पहिल्या उभ्या रकान्यात, म्हणजे ए मध्ये, नावं. बी मध्ये मागची कर्जशिल्लक. सी मध्ये व्याज, डी मध्ये या महिन्याला भरलेली रक्कम, ई मध्ये नवी शिल्लक. समजा एका ताईंकडे ८,००० रुपये बाकी आहेत आणि गटाने व्याज महिना दोन टक्के ठरवलंय. सी च्या दुसऱ्या ओळीत जाऊन बरोबरचं चिन्ह टाका, मग बी२, मग गुणाकाराची चांदणी, मग २, मग भागाकाराची तिरकी रेघ आणि १००. एंटर दाबलं की १६० येतात. ताईंनी १,१६० भरले. आता ई मध्ये बरोबरचं चिन्ह, बी२ अधिक सी२ वजा डी२. शिल्लक येते ७,०००. हे एकदाच लिहायचं. मग त्या चौकटीचा उजवा खालचा कोपरा धरून खाली ओढा, दहाही जणींचा हिशेब होतो. आकडे मात्र इंग्रजीतच टाका. मराठी आकडे टाकले तर कधी कधी कॉम्प्युटर त्याला अक्षर समजतो आणि बेरजेत धरत नाही.

बैठकीत बायका विचारतात, बँकवाले एक्सेलची फाइल मागतात, मग? साठवताना खाली फाइलचा प्रकार विचारतो, तिथे एक्सेल निवडायचं. बँकेच्या कॉम्प्युटरवर ती उघडते. नुसतं बघायला द्यायचं असेल तर त्याच सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करा, म्हणजे मधे कोणी आकडा बदलण्याची भीती कमी. एक खरं सांगते, फार गुंतागुंतीची तयार एक्सेल फाइल, ज्यात आपोआप चालणारी बटणं वगैरे बसवलेली असतात, ती कॅल्कमध्ये नीट चालेलच असं नाही. तालुक्यावरून तसला नमुना आला तर आधी कोऱ्या प्रतीवर चालवून बघा.

लिब्रेऑफिसच्या पट्ट्या मराठीतही करता येतात. तरी माझं मत विचाराल तर सुरुवातीला इंग्रजीच राहू द्या. कारण शिकवायला आपल्याच घरातली अकरावी-बारावीची पोरं असतात, आणि ती "फाइलमध्ये जा, सेव्ह कर" असंच सांगतात.

मराठी टायपिंगचं दुखणं तर सगळ्यांना माहीत आहे. गावातल्या टायपिंगवाल्याकडून ठराव टाइप करून आणला, पेन ड्राइव्हवर घेतला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला, तर इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. याचं कारण, जुन्या पद्धतीचे फॉन्ट. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी चेहरा चढवलेला असतो. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे चेहरा गळून पडतो. आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो ते युनिकोड असतं, ते कुठेही मराठीच दिसतं. म्हणून टायपिंगवाल्याला ठामपणे सांगायचं, "दादा, युनिकोडमध्ये करून द्या." कॉम्प्युटरमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक मिळतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. डाव्या हाताला बहुतेक स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. रोज अर्धा तास, पंधरा-वीस दिवस, एवढं केलं की हात बसतो.

आता विक्रीचं बघू. लोणची, पापड, शेवया, कुरडया करणाऱ्या गटांनी हे नीट ऐका. पाकिटावरचं लेबल शहरातल्या डिझाइनवाल्याकडून करून घेतो. दोनशे ग्रॅमचं पाकीट अडीचशेचं केलं, किंमत बदलली, की परत त्याच्याकडे. कारण मूळ फाइल त्याच्याजवळ. मागितली तर सांगतो, आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. लेबलचे पैसे आपण दिले, नाव आपल्या गटाचं, परवाना क्रमांक आपला, आणि वजनाचा एक आकडा बदलायला आपण त्याच्या दारात. इंकस्केप नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात लेबल करता येतं. फोटो साफ करायला गिंप आहे. पण गोड बोलून फसवत नाही, इंकस्केप शिकायला वेळ लागतो. गटातल्या एखाद्या चित्रकलेची आवड असलेल्या मुलीला महिनाभर त्यावर बसू द्या. तोवर साधं लेबल लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्येही होतं. फॉन्टही तसेच मिळतात. 'मुक्ता' आणि 'बलू' हे मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले सुंदर मराठी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. म्हणजे विकायच्या पाकिटावर छापले तरी कोणी पैसे मागायला येत नाही.

आता एका मावशींनी मागच्या बैठकीत विचारलेला प्रश्न. म्हणाल्या, "फुकट कोण देतं गं? आज देतील, उद्या सवय लागली की पैसे लावतील." प्रश्न अगदी रास्त आहे. मोबाइलवर फुकट म्हणून येणारी कर्जाची ॲप आपण पाहिली आहेत, त्यांनी बायांचे फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना फोन केले. म्हणून शंका घ्यायलाच हवी. लिब्रेऑफिस २०१० साली सुरू झालं. त्याच्यामागे एक धर्मादाय संस्था आहे, ती जर्मनीत नोंदलेली आहे. तिला देणग्या मिळतात. काही कंपन्या आपली माणसं पगार देऊन या कामाला लावतात, कारण त्यांनाही ते लागतं. आणि जगभरची माणसं फावल्या वेळात हातभार लावतात. उद्या ती संस्था पैसे लावू लागली तरी कृती उघडी आहे, दुसरं कोणी ती घेऊन पुढे चालवेल. लिब्रेऑफिसच मुळी असं जन्माला आलं. आधी ओपनऑफिस होतं, ते ज्या कंपनीकडे गेलं तिच्याबद्दल भरवसा वाटेना, तेव्हा करणाऱ्यांनी कृती घेऊन वेगळी चूल मांडली.

आपल्या देशात केरळच्या सरकारी शाळांतली मुलं गेली अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकतात. म्हणजे हे काही गरिबांसाठीचं दुय्यम असं नाही.

घेताना मात्र सावध. गुगलवर नाव टाकलं की वरती जाहिराती येतात, त्यावर बोट लावू नका. लिब्रेऑफिस डॉट ओआरजी हा पत्ता स्वतः टाइप करा. तिथे देणगी विचारतात, द्यायलाच हवी असं नाही. ओटीपी मागत नाहीत, खाते नंबर मागत नाहीत. कोणी मागितलं तर समजा तुम्ही चुकीच्या दारात आहात.

बऱ्याच ग्रामसंघांचे लॅपटॉप जुने आहेत, त्यात विंडोज १० आहे. त्याची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि पुढचं विंडोज ११ जुन्या मशीनवर बसत नाही. दुकानदार म्हणेल, नवीन घ्या. तीस-चाळीस हजार घालण्याआधी लिनक्स मिंट बघा. हे विंडोजच्या जागी बसतं, लिब्रेऑफिस त्यात आधीच असतं. चार जीबी मेमरी असली तरी ठीक चालतं. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घेऊन आधी नुसतं चालवून बघता येतं, आतलं काही न पुसता. आवाज येतो का, वायफाय लागतं का, प्रिंटर छापतो का, हे बघूनच ठरवा. पण ज्या ताई बँक सखी आहेत, ज्यांच्याकडे अंगठ्याचं मशीन लॅपटॉपला जोडलेलं आहे, त्यांनी हा बदल करू नका. ती मशीनं आणि त्यांचे प्रोग्रॅम बहुधा विंडोजसाठीच केलेले असतात. तुमच्या रोजीरोटीवर प्रयोग नको. तुम्ही विंडोजवरच लिब्रेऑफिस टाका, ते तिथेही चालतं.

मगाच्या त्या ग्रामसंघाने काय केलं ते सांगायचं राहिलं. चोरीचं काढून टाकलं, लिब्रेऑफिस घेतलं, जुन्या फाइली त्यात उघडल्या. दोन ठिकाणी तारखा उलट्यासुलट्या झाल्या होत्या, महिना आधी आणि दिवस नंतर. हाताने दुरुस्त केल्या. एक संध्याकाळ गेली. आता कोषाध्यक्ष ताई, ज्या सातवी शिकलेल्या आहेत, त्या स्वतः व्याजाचा रकाना ओढतात आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवतात.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर एक महिना वही आणि कॅल्क दोन्ही चालवा. महिन्याअखेरीस दोन्हींची बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर वही खरी धरून चूक शोधा. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नका, दुसऱ्या पदाधिकारी ताईंच्या घरी ठेवा. फाइलला पासवर्ड घातलात तर तो एकट्या सचिवांकडे नको. निदान तिघींना माहीत हवा, आणि तो ठराव वहीत न लिहिता वेगळ्या बंद पाकिटात ठेवा.