थंडीतील कोबी आणि त्याची जनुके

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत, रब्बीचा कोबी डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारठा सोसून गड्डा धरतो, त्यामागे जनुकांची, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या घटकांची, विलक्षण तत्पर यंत्रणा असते. तापमान उतरू लागताच ‘सीबीएफ’ गटातील जनुके सक्रिय होतात आणि त्यांच्यापासून बनलेली प्रथिने इतर अनेक जनुकांना चालना देतात. त्यामुळे पेशींत शर्करा साठते, पेशीपटलाची घडण बदलते आणि पेशीरस सहजासहजी गोठत नाही. थंडीतील कोबीची पाने खाताना गोडसर लागतात, ती या शर्करेमुळेच.

याहून अधिक कुतूहलाची गोष्ट फुलोऱ्याची आहे. ‘एफएलसी’ हे जनुक फुलोरा रोखून धरते आणि पुरेशा वाढलेल्या रोपाला साधारण १० अंश सेल्सिअसखालील थंडी सलग कित्येक आठवडे मिळाली, तरच ते निष्प्रभ होते; या प्रक्रियेला वासंतीकरण म्हणतात. जुन्नर-आंबेगावात रात्री गार असल्या तरी दुपारी ऊन तापते, त्यामुळे हा अडसर सहसा दूर होत नाही, आणि गड्डा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते हिताचेच असते, कारण फुलोऱ्याचा दांडा आला की गड्डा फुटतो. बियाण्यासाठी मात्र फुलोरा अनिवार्य असल्याने कोबीचे बीजोत्पादन हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यासारख्या थंड प्रदेशांत केले जाते.