पिस्तूल नेमकं कुठे अडलं?



मार्च 1911मध्ये अमेरिकी लष्कराने कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांची अखेरची परीक्षा घेतली. प्रत्येकातून 6000 गोळ्या झाडल्या. जॉन ब्राउनिंगने घडवलेलं कोल्ट एकदाही अडलं नाही. 29 मार्चला ते लष्कराने स्वीकारलं; तेच ‘एम 1911’. असं पिस्तूल आज अडत असेल, तर ब्राउनिंगला बोल लावण्याआधी इतक्या वर्षांत काय झिजलं, ते पाहायला हवं.

त्यासाठी आधी विचारायचं, ‘कुठे अडलं?’ गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, आणि नळी एकत्र मागे सरकतात. लगेच नळीची मागची बाजू खाली झुकते आणि स्लाइड मोकळी होते. स्लाइडमधली आकडी रिकामी पुंगळी ओढून काढते, ती एजेक्टरवर आपटून बाहेर उडते. परत येताना स्लाइड मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत ढकलते.

हे काडतूस तिरकं अडकलं, तर पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा. त्याच्या वरच्या कडा वाकल्या असतील किंवा स्प्रिंग थकली असेल. दुसरं मॅगझिन लावून दोष गेला, तर तपास तिथेच संपतो. नाही गेला तर काडतूस पाहा. हे पिस्तूल गोल नाकाच्या लष्करी गोळीसाठी घडवलेलं आहे. पोकळ टोकाच्या गोळ्या जुन्या नमुन्यांत अडकू शकतात.

पुंगळी आतच राहत असेल, तर नळीतली काडतुसाची जागा साफ करून आकडी तपासावी. इथे आकडीला वेगळी स्प्रिंग नाही. पोलादाची लांब पट्टीच स्प्रिंगचं काम करते आणि वापराने तिचा ताण उतरतो. जाणकार कारागीर स्लाइड उतरवून आकडीखाली दारू नसलेलं नकली काडतूस सरकवतो आणि स्लाइड हलकेच हलवतो. काडतूस गळून पडलं, तर दोष सापडला.

दोन लक्षणं दिसली की मात्र तिथल्या तिथे थांबायचं. एकदा चाप ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या, तर घोडा अडवणारा खटका झिजला असण्याची शक्यता मोठी. आणि बार फुसका वाजला, तर गोळी नळीतच अडकली असू शकते; पुढचा बार केल्यास नळी फुटू शकते.

हौशी माणसं मात्र पहिल्या झटक्यात कानस घेऊन बसतात. मॅगझिन बदलता येतं, स्प्रिंग बदलता येते. घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. शिवाय आपल्याकडे शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणून वडिलोपार्जित पिस्तूल घरी उघडू नका. परवानाधारक कारागिराकडे द्या आणि देताना नुसतं ‘बिघडलंय’ म्हणू नका. कुठे अडलं, ते सांगा.