माल्कमपेठेत आपले स्वागत

मा. संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि राज्यभरातून आलेल्या माझ्या मधपाळ बंधू-भगिनींनो,

महाबळेश्वर नगरीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. सेंद्रिय मधमाशीपालनाची परिषद आमच्या गावी भरते आहे, याचा आम्हां गावकऱ्यांना फार आनंद आहे.

आपल्यापैकी बरेच जण काल रात्री घाट चढून आलात. ज्या डोंगरावर आपण बसला आहात, तिथल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. खाली जावळीचे खोरे, समोर प्रतापगड. छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात इथली पेठ वसली, म्हणून जुन्या कागदांत आमचे गाव माल्कमपेठ म्हणून येते. हा इतिहास सगळे सांगतात. मला मात्र आज काही विसरलेल्या माणसांची आठवण काढायची आहे.

एकोणिसाव्या शतकात इथे एक तुरुंग होता. त्यात पूर्वेकडून, समुद्रापलीकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत. या कैद्यांनी इथल्या लाल मातीत बटाटा आणि भाजीपाला पिकवून दाखवला. 1864 साली तुरुंग बंद झाला, पण बागाईत राहिली. त्यांची नावे आमच्याकडे कुठे कोरलेली नाहीत. चायनामन धबधबा तेवढा आहे. पर्यटक तिथे फोटो काढतात, आणि हे नाव कशावरून पडले ते फार थोडे विचारतात. आज आमच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे, 2010 पासून. या डोंगरावर बागाईत करता येते हे ज्यांनी आधी दाखवले, त्या परक्या माणसांना या व्यासपीठावरून मी हात जोडतो.

आता मधाकडे वळतो. खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आमच्या गावात आहे, याचा आम्हांला मोठा अभिमान. पूर्वी रात्री जाळ करून माश्या हुसकायच्या, पोळे अंड्या-पिल्लांसकट पिळायचे आणि वसाहत उद्ध्वस्त करायची, अशी रीत होती. पेटी आली आणि ते थांबले. थोडी धुरी द्यायची, वरच्या कोठीतली मेणाने बंद झालेली चौकट उचलायची, सुरीने झाकणे काढून मधयंत्रात फिरवायची आणि रिकामी चौकट परत ठेवायची. पिल्लांच्या कोठीला हात लावायचा नाही. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर आमची सातेरी माशी काम करते. कारवी फुलते त्या वर्षी तर काही विचारू नका. जवळचे मांघर 2022 साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

मी शास्त्रज्ञ नाही. पण मधात पाणी कमी आणि साखर दाट, म्हणून जंतू त्यात वाढत नाहीत. खोकल्याला तो उतार देतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र तो चाटवू नये, एवढे इथल्या जाणत्यांकडून मला कळले आहे. सेंद्रिय मध म्हणजे पेटीत प्रतिजैविके नाहीत, साखरेचा पाक मधात उतरलेला नाही. आमच्या धो धो पावसाळ्यात माशीला पाक पाजायची सवय आहे. त्याऐवजी तिचाच मध तिच्यासाठी राखून ठेवता येईल का, यावर आपण इथे बोलावे अशी माझी विनंती आहे. आणखी एक. माशी सातबारा पाहून फुलावर बसत नाही. शेजारच्या मळ्यात भर फुलोऱ्यात औषध मारले, की आपली पेटी कितीही शुद्ध ठेवली तरी उपयोग नाही. आणि त्याच मळ्यातल्या स्ट्रॉबेरीच्या फुलावर माशी नीट फिरली नाही, तर फळ वेडेवाकडे धरते. म्हणून स्ट्रॉबेरीवाले शेतकरी आज मुद्दाम बोलावले आहेत. पुढची रांग त्यांच्यासाठी आहे.

व्यवस्थेत काही उणिवा राहिल्या आहेत. हंगामाचे दिवस, त्यामुळे काहींना तिघांत एक खोली मिळाली. पहाटे गरम पाणी उशिरा आले. मंडपात वारा शिरतो, ज्येष्ठांनी कृपया शाली घेऊन बसावे. वाहनतळ लांब पडला, त्याबद्दलही क्षमा असावी. ज्यांनी खोल्या अर्ध्या भाड्यात दिल्या ते लॉजमालक, फेऱ्या मारणारे टॅक्सीचालक, धान्य देणारे बाजारपेठेतले व्यापारी, भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, शाळेचे पटांगण देणारे शिक्षक आणि नाव घेऊ नका असे बजावून मोठी रक्कम देणारे एक सद्गृहस्थ, या सर्वांचा मी ऋणी आहे. कोणी राहिले असेल तर त्यांनी रागावू नये.

उद्या सकाळी सात वाजता मांघरला जाण्यासाठी गाड्या एस.टी. स्थानकासमोरून सुटतील. नावे आज दुपारच्या जेवणापूर्वी नोंदवावीत. आता मी संमेलनाध्यक्षांना पुढील सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.