चूल कुणाची विझली?

(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिलाय ‘इंधनटंचाई आणि विद्यापीठ’. विद्वान लोक यावर तासभर आकडे सांगतील. मी एका स्टोची गोष्ट सांगणार आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरात तिकडं अरब-इस्रायल युद्ध पेटलं. पिंपाला ३ डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी १९७४ मध्ये ११ डॉलरच्या वर गेलं. आपल्या देशाला लागणारं बहुतेक तेल बाहेरून यायचं. त्यात १९७२ च्या दुष्काळानं मराठवाडा आधीच सोलून काढलेला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बापांची आम्ही पोरं, तेव्हाच्या औरंगाबादेत एका वसतिगृहात राहत होतो. खोलीत पत्र्याची पेटी, एक ताट आणि पंपाचा स्टो. स्कॉलरशिप महिनोन्‌महिने यायची नाही, मेस परवडायची नाही. म्हणून स्टो.

आणि रॉकेल गायब झालं.

रेशनवाला म्हणाला, “कार्ड दाखव.” कार्ड गावी, बापाच्या नावावर. बाप तिकडं रांगेत, लेक इकडं रांगेत, आणि कार्ड एकच. गावात आम्ही गावकुसाबाहेर, शहरात आलो तर रेशनच्या वहीबाहेर! साहेब लोकांचे शिपाई डबे घेऊन यायचे, भरून न्यायचे. काळ्या बाजारात हवं तेवढं मिळत होतं. मित्रांनो, तेल कमी होतं हे खरं. पण कमी कुणाला पडलं, ते अरबांनी ठरवलं नाही. ते इथल्या व्यवस्थेनं ठरवलं.

मग आम्ही काय केलं? सहा खोल्यांचे स्टो बंद केले, एकच चालू ठेवला. एका पातेल्यात खिचडी, तीही दिवसातून एकदा. कुणीतरी वखारीतून भुसा आणला. शेगडीत मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची. त्या भोकातून जाळ वर येतो. धुरानं डोळे जायची वेळ, पण भात शिजायचा. रात्री एका कंदिलाभोवती आठ डोकी. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. परळच्या चाळीत, एका खोलीत, दिव्याच्या उजेडात बाबासाहेब शिकले, हे आम्ही एकमेकांना सांगायचो. त्यानं पोट भरत नव्हतं, पण पुस्तक मिटत नव्हतं.

इथं टाळ्या वाजवू नका. पुढचं ऐका.

आमच्यात एक मातंग पोरगा होता. भुसा तोच आणायचा, बाभळीच्या काड्या तोच तोडायचा. पातेल्याला मात्र आमचेच हात. कुणी हुकूम सोडला नव्हता. तसं आपोआप घडत होतं. एका रात्री तो म्हणाला, “उद्या तुम्ही जा लाकडाला, मी शिजवतो.” सगळे गप्प. ती शांतता मला पन्नास वर्षं चावतेय. बुद्धाचं नाव घेणारे आम्ही, आमच्या चुलीपाशी मनू बसला होता. दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लावल्या. खरं सांगतो, त्या दिवशी ते वसतिगृह आमचं झालं.

आता गुजरात पाहा. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल २० टक्क्यांनी वाढलं. पोरं भडकली, नवनिर्माण आंदोलन उभं राहिलं, फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना जावं लागलं. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर बायांना घेऊन लाटणी उगारत रस्त्यावर आल्या. चुलीतून राजकारण पेटतं ते असं. पण त्याच अहमदाबादेत १९८१ साली विद्यार्थी राखीव जागांविरुद्ध उठले आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. म्हणून विचारा: विद्यार्थी-एकजूट म्हणता, ती कुणाच्या ताटासाठी? आमचं ताट त्यात आहे का?

तुम्ही म्हणाल, म्हातारा रॉकेलच्या गोष्टी सांगतोय, आता गॅस आलाय. आलाय ना! पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराच्या नावावर तो आहे का? ५ किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पण बाजारभावानं. ते परवडत नाही, म्हणून पोरं मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत चोरून गॅस भरून घेतात आणि उशाशी बॉम्ब घेऊन झोपतात. उद्या टंचाई आली तर पहिली चूल कुणाची विझणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून मागा. विद्यार्थी जिथं शिकतो, तिथल्या ओळखपत्रावर त्याला सवलतीचं इंधन द्या. वसतिगृहात किती टाक्या आल्या, कुठं गेल्या, ते भिंतीवर लिहा. स्कॉलरशिप वेळेवर द्या. भीक नाही, हिशेब मागतोय आम्ही.

आणि आपल्या खोलीवर गेल्यावर आधी बघा, लाकडाला रोज कोण जातंय.

जयभीम!